पायाखालून आलेला तारा

दक्षिण आकाशात मोठा मॅगेलन मेघ नावाची एक छोटी दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेची ही शेजारीण सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षे दूर आहे. चिली किंवा ऑस्ट्रेलियातल्या काळोख्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते. तिच्यात सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा एक निळा महाकाय तारा होता. आकाशाच्या विषुववृत्तापासून त्याची जागा 69 अंश दक्षिणेला, आणि सुरतेचे अक्षांश 21 अंशांच्या थोडे वर. त्यामुळे हा तारा सुरतेच्या दक्षिण क्षितिजाला जेमतेम टेकायचा आणि पुन्हा खाली जायचा. सुरतेतल्या कुणाला तो कधी दिसला नाही, दिसणे शक्यही नव्हते.

त्या ताऱ्याचे टपाल मात्र सुरतेला पोचले. दिवस होता सोमवार, 23 फेब्रुवारी 1987 आणि वेळ दुपारी एक वाजून पाच मिनिटे.

शहराच्या आग्नेयेला डिंडोली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधना-जळगाव लोहमार्गाने कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांमुळे आज तिथे मराठी आणि अहिराणी सर्रास ऐकू येते. त्या दुपारी डिंडोलीच्या जमिनीतून न्यूट्रिनो नावाचे कण वर आले. तारा तेव्हा क्षितिजाच्या सुमारे 25 अंश खाली होता. म्हणजे डिंडोलीत पोचण्यापूर्वी या कणांनी पृथ्वीच्या पोटातला पाच हजारांहून अधिक किलोमीटरचा खडक पार केला होता. दर चौरस सेंटिमीटरमागे त्यांची संख्या हजार कोटींच्या घरात होती. शेतांतून, भिंतींतून, सुरतेच्या यंत्रमागांतून आणि माणसांच्या शरीरांतून ते निघून गेले. कुणाला काहीही जाणवले नाही.

या कणांचा आणि कोसळणाऱ्या ताऱ्यांचा इतिहास एकाच वर्षी सुरू होतो. 1930 च्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर शिक्षणासाठी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. त्या प्रवासात त्यांनी मांडलेल्या गणितातून एक मर्यादा निघाली. सूर्याच्या सुमारे 1.4 पटींपेक्षा जास्त वस्तुमान असलेला विझलेला तारा केवळ इलेक्ट्रॉनांच्या दाबावर स्वतःला सावरू शकत नाही. त्याच डिसेंबरात झुरिचमध्ये वुल्फगांग पाउली यांनी एक वेगळाच प्रस्ताव मांडला. किरणोत्सारी अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना थोडी ऊर्जा गायब होते, ती एखादा न दिसणारा, विद्युतभार नसलेला कण घेऊन जात असावा. असा कण कधी सापडेल याची खुद्द पाउली यांनाही फारशी आशा नव्हती. एका तरुणाने तारा कोसळतो कधी ते सांगितले होते, आणि पाउली यांनी कोसळताना त्याची ऊर्जा कोण नेतो त्याचे नाव-गाव नकळत सुचवले होते. दोन्ही गोष्टींचा संबंध जोडायला आणखी काळ जावा लागला.

1934 मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचवले की अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, हा साधारण ताऱ्याचा न्यूट्रॉन तारा होतानाचा स्फोट असावा. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. 1941 मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह आणि ब्राझीलचे मारिओ शोनबर्ग यांनी पुढचे पाऊल टाकले. ताऱ्याच्या अतितप्त गाभ्यात न्यूट्रिनो तयार झाले तर ते ऊर्जा घेऊन थेट बाहेर पडतील आणि गाभा झपाट्याने ढासळेल, असे त्यांनी दाखवले. जो कण अजून कुणी पाहिलेलाही नव्हता, त्याच्यावर या दोघांनी ताऱ्याच्या मृत्यूची जबाबदारी टाकली.

तो कण प्रत्यक्ष हाती लागला 1956 मध्ये. फ्रेडरिक रेन्स आणि क्लाइड कॉवन यांनी अमेरिकेतल्या सव्हॅना रिव्हर अणुभट्टीशेजारी पाण्याच्या टाक्या बसवल्या आणि भट्टीतून येणारे प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोंचे प्रतिकण, टिपले. सुरतेच्या लोकांना या कणांचा उगम परका नाही. तापी जिल्ह्यातल्या काकरापार अणुवीज केंद्राचा पहिला संच 1993 मध्ये व्यावसायिक पातळीवर सुरू झाला. तेव्हापासून तिथून निघणारे प्रतिन्यूट्रिनो सर्व दिशांना पसरत आहेत, डिंडोलीतूनही जात आहेत. 1987 मध्ये जगातल्या शोधयंत्रांनी पकडलेले बहुतेक कण याच जातीचे होते.

आता ताऱ्याच्या पोटात शिरायला हवे. सूर्याच्या आठपटींहून जड तारा आयुष्यभर हलक्या मूलद्रव्यांपासून जड मूलद्रव्ये घडवत राहतो. हायड्रोजनचे हेलियम, हेलियमचा कार्बन, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन. पहिल्या टप्प्याला लाखो वर्षे लागतात, सिलिकॉनपासून लोखंड घडण्याचा शेवटचा टप्पा मात्र अवघ्या काही दिवसांत उरकतो. लोखंडापाशी वाट संपते, कारण लोखंडाच्या अणुकेंद्रांच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. पृथ्वीएवढ्या आकाराचा हा लोखंडी गाभा जड होत होत चंद्रशेखर यांच्या मर्यादेशी येऊन ठेपतो. दाब इतका वाढतो की इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत घुसू लागतात. अशा प्रत्येक घटनेतून एक न्यूट्रॉन आणि एक न्यूट्रिनो जन्मतो. ज्या इलेक्ट्रॉनांनी गाभा तोलून धरला होता तेच नाहीसे होतात.

मग गाभा एका सेकंदाच्या आत ढासळतो. त्याच्या बाहेरच्या थरांचा वेग प्रकाशाच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातो. हजारो किलोमीटर रुंदीचा गोळा काही दशक किलोमीटरवर येतो, आतली घनता अणुकेंद्राएवढी होते आणि तिथे द्रव्य अचानक ताठरते. कोसळणारे थर त्यावर आदळून उसळतात. बाहेरच्या दिशेने एक धक्कालाट निघते. पूर्वी वाटे, हीच लाट तारा फोडते. गणिताने तसे होऊ दिले नाही. वाटेतली लोखंडाची अणुकेंद्रे फोडण्यात लाटेची शक्ती संपते, आणि शंभर-दोनशे किलोमीटरवर ती थिजून उभी राहते.

स्टर्लिंग कोलगेट आणि रिचर्ड व्हाइट यांनी 1966 मध्ये सुचवले होते की आतून निघणारे न्यूट्रिनो बाहेरच्या थरांना ऊर्जा देऊन स्फोट घडवत असतील. त्या प्रस्तावाला एक मोठी अडचण होती. न्यूट्रिनो कशातही अडकत नाहीत, मग ते ऊर्जा देणार कशी? 1974 मध्ये डॅनियल फ्रीडमन यांनी दाखवले की कमी ऊर्जेचा न्यूट्रिनो अणुकेंद्रातल्या एकेका कणावर न आदळता अख्ख्या केंद्रावर आदळू शकतो, आणि त्यामुळे टक्कर होण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते. म्हणजे कोसळत्या गाभ्यात खुद्द न्यूट्रिनोही अडकतात. सारंगखेड्याच्या यात्रेत भर गर्दीत सापडलेला माणूस जसा धक्के खात, दिशा बदलत कडेला पोचतो, तसे ते बाहेर येतात. जी वाट एरवी क्षणार्धात सरली असती तिला दहाएक सेकंद लागतात. फ्रीडमन यांच्या या टकरीचा प्रयोगातला पुरावा मिळायला 2017 साल उजाडले.

या दहा सेकंदांनी प्रश्न सुटण्याची वाट मोकळी झाली. कॅलिफोर्नियात जेम्स विल्सन यांनी संगणकावरचे गणित नेहमीपेक्षा अधिक काळ पुढे चालवले, तेव्हा थिजलेली लाट पुन्हा हलू लागल्याचे त्यांना दिसले. 1985 मध्ये हान्स बेथे यांच्यासोबत त्यांनी त्याचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी अगदी थोडा वाटा लाटेमागच्या द्रव्यात शोषला जातो आणि तेवढी उष्णता लाटेला पुन्हा उभे करायला पुरते. स्फोटाचा झगमगाट, उधळलेले द्रव्य, आपल्या रक्तातल्या लोखंडाचा बराच भाग अवकाशात फेकणारी ती शक्ती, हे सगळे मिळून मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का असते. उरलेली नव्याण्णव टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. ती सूर्याने हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात दिलेल्या ऊर्जेच्या शंभरपटींहून जास्त भरते.

मुंबईतही या प्रश्नावर काम चालू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले अलक रे आणि शशिकुमार चित्रे यांनी कमलेश कर यांच्यासह 1984 मध्ये कोसळण्याआधीच्या गाभ्यात इलेक्ट्रॉन गिळले जाण्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र त्या संस्थेचे न्यूट्रिनोंशी नाते कागदावरच्या गणितापुरते नव्हते. ते कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत रुजलेले होते.

होमी भाभा यांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकंटन 1951 मध्ये विश्वकिरणांच्या मोजमापासाठी कोलारच्या सुवर्णखाणीत उतरले. जितके खोल जावे तितके वरून येणारे कण कमी होतात. चॅम्पियन रीफ खाणीत सव्वादोन किलोमीटरहून खाली तर इतकी निःशब्दता होती की तिथे उमटणारी खूण न्यूट्रिनोची असण्याची शक्यता बळावत होती. श्रीकंटन, एम. जी. के. मेनन, पी. व्ही. रमणमूर्ती, व्ही. एस. नरसिंहम आणि सहकाऱ्यांनी जपानच्या ओसाका व इंग्लंडच्या डरहॅम इथल्या शास्त्रज्ञांसोबत तिथे शोधयंत्रे बसवली. त्याच सुमारास रेन्स यांचा गट दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत तेच शोधत होता. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची पहिली खूण रेन्स यांना 23 फेब्रुवारी 1965 रोजी दिसली, कोलारला त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, 20 एप्रिलला. पण कोलारचा शोधनिबंध दोन आठवडे आधी पोचला आणि 15 ऑगस्ट 1965 रोजी प्रसिद्ध झाला. निसर्गातले न्यूट्रिनो टिपल्याची जगातली पहिली छापील नोंद अशा रीतीने भारतीय खाणीतून आली.

पुढे सगळ्यांचे लक्ष वेगळ्या प्रश्नाकडे वळले. नव्या सिद्धांतांनुसार प्रोटॉनही कधीतरी फुटायला हवा होता. तो फुटताना पाहण्यासाठी 1980 पासून कोलारच्या खाणीत 140 टन वजनाचे, लोखंडी प्लेटा आणि गणकनळ्यांच्या थरांचे यंत्र काम करू लागले. भारत-जपान सहकार्याचा हा प्रयोग या प्रकारच्या सर्वात आधीच्या प्रयोगांपैकी एक होता. काही संशयित घटना त्याने जाहीर केल्या, पण इतर मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. अमेरिकेत इरी सरोवराजवळच्या मिठाच्या खाणीत आणि जपानमध्ये कामिओका इथल्या जस्ताच्या खाणीत हजारो टन शुद्ध पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. पाण्यात वेगाने धावणारा भारित कण निळसर प्रकाश सोडतो आणि भिंतींवरच्या प्रकाशनळ्या तो टिपतात. प्रोटॉन तिथेही फुटला नाही.

कामिओकाचे मासातोशी कोशिबा त्यावर थांबले नाहीत. आपल्या 3000 टनांच्या टाकीत कमी ऊर्जेचे, सूर्याकडून येणारे न्यूट्रिनोही दिसावेत म्हणून त्यांनी यंत्रात मोठी सुधारणा करून घेतली. ती 1986 च्या अखेरीस पूर्ण झाली. मार्च 1987 मध्ये कोशिबा निवृत्त होणार होते. मधल्या त्या थोडक्या आठवड्यांत 1,60,000 वर्षांपूर्वी निघालेले कण पृथ्वीवर येऊन थडकले.

कामिओकाच्या टाकीत तेरा सेकंदांत 11 खुणा उमटल्या. अमेरिकेच्या यंत्रात सहा सेकंदांत 8 उमटल्या, आणि त्याही वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे सुमारे एक चतुर्थांश प्रकाशनळ्या बंद असताना. कॉकेशस पर्वतातल्या बाक्सान प्रयोगशाळेत 5. तिन्ही ठिकाणच्या मिळून दोन डझन. तेव्हा मात्र हे कुणालाच माहीत नव्हते. सुमारे तीन तासांनी ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांनी घेतलेल्या छायाचित्रात तारा उजळलेला होता, पण तोही तत्काळ कुणाच्या लक्षात आला नाही. पुढच्या रात्री चिलीतल्या लास कँपानास वेधशाळेत इयन शेल्टन आणि ऑस्कर दुहाल्दे यांनी तो पाहिला आणि जगभर संदेश गेले. मग कामिओकातल्या नोंदींच्या चुंबकीय फिती तपासल्या गेल्या आणि त्या तेरा सेकंदांचा छडा लागला. कोशिबा यांना 2002 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाश न्यूट्रिनोंच्या मागे का राहिला, याचे कारण ताऱ्यातच आहे. न्यूट्रिनो गाभ्यातून दहा सेकंदांत सुटले, धक्कालाटेला मात्र ताऱ्याचा पृष्ठभाग गाठायला तास लागले. दोन डझन खुणांनी आणखी बरेच काही पक्के केले. एकूण ऊर्जा, न्यूट्रिनोंचे तापमान आणि दहाएक सेकंदांचा कालावधी, तिन्ही गोष्टी गणिताशी जुळल्या. गॅमॉव्ह आणि शोनबर्ग यांनी 1941 मध्ये जे कागदावर मांडले होते त्याचा साक्षीदार मिळाला. 2024 च्या फेब्रुवारीत जेम्स वेब दुर्बिणीने त्याच ताऱ्याच्या अवशेषाच्या मध्यभागी आयनित अरगॉनच्या खुणा टिपल्या, तिथे न्यूट्रॉन तारा दडलेला असल्याचा तो आजवरचा सर्वात भक्कम पुरावा मानला जातो.

कोलारच्या यंत्राला मात्र हा क्षण दिसणे शक्य नव्हते. ते जास्त ऊर्जेच्या घटनांसाठी घडवलेले होते. अतिनवताऱ्याच्या न्यूट्रिनोतून निघणारा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचा प्रतिकण, त्याच्या लोखंडी प्लेटमध्येच विरून जातो, आणि 140 टन हे वजनही फार अपुरे. त्यात कुणाचा दोष नाही. पण हळहळ वाटावी अशी गोष्ट पुढे घडली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कोलारमधले भौतिकीचे प्रयोग थांबले आणि 2001 मध्ये खाणही बंद झाली. जमिनीखाली चार दशके कमावलेला अनुभव जागेविना उरला.

गणिताची परंपरा मात्र मुंबईत टिकली आणि बहरली. आयआयटी मुंबईत शिकून शिकागोला डॉक्टरेट केलेले अमोल दिघे यांनी 2000 मध्ये अलेक्सेई स्मिर्नोव्ह यांच्यासह एक महत्त्वाचा निबंध लिहिला. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात. ताऱ्याच्या दाट थरांतून बाहेर पडताना हा बदल कसा होतो, हे त्यांच्या वस्तुमानांच्या क्रमावर अवलंबून असते. म्हणून अतिनवताऱ्याच्या न्यूट्रिनोंचे नीट मोजमाप केले तर तो क्रम ओळखता येईल, असे या निबंधाने दाखवले. 2003 मध्ये दिघे, मॅथियास काइल आणि जॉर्ज राफेल्ट यांनी पुढची युक्ती मांडली. एखाद्या ताऱ्याचे न्यूट्रिनो एका शोधयंत्रात थेट आकाशातून आणि दुसऱ्यात पृथ्वीच्या पोटातून आले, तर दोन्हींतल्या फरकातून हीच गोष्ट तपासता येते. 1987 च्या दुपारी डिंडोलीखालचा खडक जे करत होता, ते या युक्तीत मापनाचे साधन बनते. पुढे टाटा संस्थेतच बसुदेब दासगुप्ता यांच्यासह दिघे यांनी आणखी अवघड प्रश्न हाताळला. नवजात न्यूट्रॉन ताऱ्याजवळ न्यूट्रिनोंची दाटी इतकी असते की ते एकमेकांवरच परिणाम करतात आणि सगळे मिळून प्रकार बदलतात. दिघे यांना 2013 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

थिजलेली लाट नेमकी कशी उठते, यावरही काम चालू आहे. म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये आणि प्रिन्स्टनमध्ये महासंगणकांवर तारे तिन्ही मितींत कोसळवून पाहिले जातात. गाभ्याभोवतालचे द्रव्य उकळते, डचमळते, आणि त्या खळबळीमुळे न्यूट्रिनोंची उष्णता जास्त प्रमाणात शोषली जाते, असे या प्रतिकृती सांगतात. हे सगळे तपासायला दोन डझन खुणा फारच अपुऱ्या आहेत. हजारो हव्यात. कामिओकाच्या वारसदार यंत्रात, 50,000 टनांच्या सुपर-कामिओकांडेत, आपल्याच आकाशगंगेतल्या अतिनवताऱ्याच्या तेवढ्या नक्की उमटतील. दक्षिण ध्रुवावर बर्फात गाडलेले आइसक्यूब तयार आहे. चीनचे जुनो ऑगस्ट 2025 पासून नोंदी घेत आहे. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा अतिनवतारा 1604 चा, आणि अशा घटना शतकात सरासरी दोनएक होतात असा अंदाज आहे.

भारताजवळ काय आहे? तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात पोट्टिपुरमच्या डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने जानेवारी 2015 मध्ये मंजुरी दिली. पर्यावरण परवाने, न्यायालयीन खटले आणि स्थानिक विरोध यांत ती अडकली. डोंगर, पाणी आणि वन्यजीवांविषयी तिथल्या गावकऱ्यांना वाटणारी काळजी खरी होती, आणि तिला पटेल असे उत्तर देणे ही वेधशाळा उभारू पाहणाऱ्यांची जबाबदारी होती. तिथले नियोजित 50,000 टनांचे चुंबकित लोखंडी यंत्रही वातावरणातल्या न्यूट्रिनोंसाठी होते, कोसळत्या ताऱ्यांसाठी नव्हे. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीशेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राचा प्रतिन्यूट्रिनोंचा प्रयोग आहे, झारखंडमधल्या जादुगुडाच्या खाणीत 555 मीटर खोलीवर एक छोटी प्रयोगशाळा आहे. अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो मोठ्या संख्येने टिपेल असे यांतले एकही नाही.

दिघे आणि सहकाऱ्यांच्या युक्तीला पृथ्वीवर दूरदूर विखुरलेली यंत्रे लागतात, म्हणजे तारा कुठेही कोसळला तरी एक यंत्र पृथ्वीच्या सावलीत आणि दुसरे उघड्यावर असण्याची शक्यता वाढते. आज मोठी यंत्रे जपान आणि चीनमध्ये, युरोपात आणि दक्षिण ध्रुवावर आहेत. मधल्या रेखांशांवर, भारताच्या बाजूला, जागा रिकामी आहे. पाण्याची किंवा द्रव चमकद्रव्याची मोठी टाकी भारतात जमिनीखाली उभारायची तर त्याला पैसा लागेल, गावकऱ्यांची मनापासून संमती लागेल आणि पंधरा-वीस वर्षांची चिकाटी लागेल. 1965 मध्ये कोलारहून पहिली छापील नोंद देणाऱ्या देशाने ते काम हाती घ्यायला हवे, आणि मुंबईत ज्यांनी त्याचे गणित आधीच करून ठेवले आहे त्यांना त्यात पहिल्या दिवसापासून सामील करायला हवे.